घटिकापात्र आणि पाणबुड्याचे घड्याळ

लग्नमंडपात घंगाळातील पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र आता क्वचितच दृष्टीस पडते. परंतु आपल्या पणजोबांच्या लग्नाचा मुहूर्त त्या तांब्याच्या लहानशा वाटीनेच ठरविला असेल. वाटीच्या तळाला एक बारीक छिद्र असावयाचे. त्यातून पाणी हळूहळू आत शिरे, आणि वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे समजत. जोशीबुवांची नजर त्या वाटीवर आणि साऱ्या वऱ्हाडाची नजर जोशीबुवांवर! पाणी आत येऊ देऊन काळ मोजणारे असे ते भांडे होते.

श्रोतेहो, आज ज्या वस्तूविषयी मला बोलावयाचे आहे ती बरोबर याच्या उलट आहे. पाणबुड्यांसाठी केलेले मनगटी घड्याळ हेही एक धातूचे भांडेच; पण पाण्याला आत येऊ न देणे हा त्याचा धर्म. या घड्याळाची पोलादी केस घरच्या घरी, कानस आणि पॉलिशपेपर घेऊन, हाताने नव्याने घडविण्याची हौस अलीकडे पुष्कळांना जडली आहे. कोणी केसच्या जाड बाजू बारीक करतो, कोणी पट्टा अडकविण्याच्या कानांना नवा उतार देतो, तर कोणी झिजून गोल झालेल्या कडा पुन्हा धारदार करू पाहतो. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये एखाद्या घराच्या गच्चीवर, सकाळच्या स्वच्छ उजेडात बसूनही हे काम करता येते. त्याला समुद्र जवळ असावा लागत नाही. मात्र या भांड्याच्या कोणत्या भागाला हात लावावा आणि कोणत्या भागाला लावू नये, हे ठाऊक असावे लागते. ते समजण्यास या भांड्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

आरंभ घटिकापात्रापासूनच करू. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्यात ठेवावे आणि ते अहोरात्रात ६० वेळा बुडावे, असे सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे. पात्र किती वजनाचे, किती उंचीचे आणि छिद्र किती जाड सुईचे, याची मापेही पूर्वीच्या काही ग्रंथकारांनी दिली होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत या मापांचा आग्रह सोडून दिला. तसे पात्र घडविणे कठीण, आणि त्या मापांमागे काही युक्तीही नाही, असे त्यांचे मत होते. त्यांचा उपाय सोपा होता: पात्र कसेही असो, ते अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्यावरून त्या पात्राचे माप काढावे. हाताने घडविलेल्या वस्तूची खरी परीक्षा तिच्या कामावरून करावी, ही दृष्टी त्यात आहे. पुढे घरगुती कारागिरीचा विचार करताना ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील घड्याळींचे वर्णन केले आहे. हे लोक पात्र भरले की पितळेच्या जाड थाळीवर ठोके देऊन नगराला वेळ कळवीत. रात्री जाग आलेल्या माणसाला घटका कळे, पण प्रहर कोणता ते कळत नसे. म्हणून बाबराने प्रत्येक घटकेच्या ठोक्यांनंतर प्रहराचेही ठोके द्यावयास लावले. याच बाबराने इ. स. १५२८ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला. त्या भेटीची एक खूण अजून शिल्लक आहे. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

भास्कराचार्य आणि लीलावती यांची मोत्याची दंतकथा सर्वश्रुत आहे. मुलीच्या अलंकारातील एक मोती घटिकापात्रात पडला, छिद्र बुजले, पाणी थांबले आणि मुहूर्त टळून गेला. ही कथा फैजीने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात येते. फैजीचा भाऊ अबुल फजल इ. स. १६०२ मध्ये मारला गेला आणि त्याची कबर ग्वाल्हेरच्या दक्षिणेस आंतरी येथे आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील निरीक्षण मार्मिक आहे. पाण्याशी संबंध असलेल्या यंत्रात मोत्याएवढी वस्तू सारा हिशेब उलटा करू शकते. घटिकापात्रात छिद्र बुजले म्हणून घात झाला. पाणबुड्याच्या घड्याळात एखादे छिद्र उरले म्हणून घात होतो.

युरोपातील यांत्रिक घड्याळ शेकडो वर्षे पाण्यापासून दूर, कोटाच्या खिशात सुखाने राहिले. त्याच्या डबीला झाकणे होती, पण ती केवळ दाबून बसविलेली. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी घड्याळ मनगटावर बांधले आणि खंदकातील चिखल, पाऊस व धूळ यांनी त्या डबीची परीक्षा घेतली. यावर एक उपाय आधीच निघालेला होता. जिनीव्हाच्या फ्रान्स्वा बोर्जेल या केस बनविणाऱ्या कारागिराने १८९१ मध्ये असे पेटंट घेतले होते की, घड्याळाचे यंत्र एका आटे पाडलेल्या कड्यात बसवावे आणि ते कडे समोरून एकसंध केसमध्ये फिरवून घट्ट करावे. सांधे कमी झाले म्हणजे पाण्याच्या वाटाही कमी झाल्या.

तरीही एक वाट उरतच होती, ती चावीची. चावी फिरवावयाची म्हणजे तिचा दांडा केसच्या भिंतीतून आत जाणारच. १९२५ साली पेरेगो आणि पेरे या दोन स्विस गृहस्थांनी आट्यांवर घट्ट बसणाऱ्या चावीचे पेटंट घेतले. हान्स विल्सडॉर्फने ते विकत घेतले आणि १९२६ मध्ये रोलेक्सचे 'ऑयस्टर' घड्याळ बाजारात आणले. मागचे झाकण, पुढचे कडे आणि चावी, तिन्ही आट्यांवर आवळलेली. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लंडच्या जलतरणपटूने इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्याबद्दल शंका निघाल्या, म्हणून त्याच महिन्यात ती पुन्हा पाण्यात उतरली. त्या वेळी तिच्या गळ्यात ऑयस्टर घड्याळ होते. थंडीमुळे तिला पैलतीर गाठता आला नाही, पण घड्याळ मात्र नीट चालत राहिले. विल्सडॉर्फने नोव्हेंबरमध्ये एका इंग्रजी दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याची पूर्ण पानभर जाहिरात दिली.

त्या ऑयस्टरच्या पुढच्या कड्यावर खाचा होत्या. आज तशा खाचा आपण शोभेच्या मानतो. मुळात त्या हत्यार अडकवून कडे घट्ट आवळता यावे म्हणून पाडलेल्या होत्या. घड्याळाच्या केसवरची प्रत्येक रेघ कोणत्या हेतूने आली, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, ते असे.

पोहणे निराळे आणि पाण्याखाली राहणे निराळे. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या हवेच्या नळकांड्यांतून श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले आणि माणूस खोल पाण्यात मोकळेपणाने वावरू लागला. जवळची हवा किती वेळ पुरेल हे कळणे आता जीवनमरणाचा प्रश्न झाला. ब्लांपां कंपनीचे प्रमुख झां-झाक फिश्तर हे स्वतः पाणबुडे होते. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांची निकड आणि स्वतःचा अनुभव यांतून १९५३ मध्ये 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ तयार झाले. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचे 'सबमरीनर' लोकांपुढे आले ते १९५४ मध्ये. पाण्यात उतरण्याची वेळ लक्षात ठेवण्यासाठी दोन्ही घड्याळांना फिरते कडे होते.

या खोलीवर पाणी किती बळ लावते ते पाहा. दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. १०० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अदमासे १० किलोचा भार येतो. घड्याळाची काच ३० मिलिमीटर व्यासाची धरली, तर तिच्यावर सुमारे ७० किलोचा, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाएवढा भार पडतो. हा भार पोलाद सहज पेलते. खरा प्रश्न सांध्यांचा असतो, आणि तेथे काम करते ते एक मऊ रबरी कडे. नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश-अमेरिकन संशोधकाला अशा गोल रबरी कड्याचे अमेरिकन पेटंट १९३९ मध्ये मिळाले. खाचेत बसविलेले हे कडे दाबाने धातूवर अधिकच चिकटते. फिश्तर यांना मात्र असे आढळले की, मागचे झाकण आवळताना रबरी कडे पिळवटून जागचे हलते. म्हणून त्यांनी ते खाचेत धरून ठेवणारे आणखी एक धातूचे कडे योजले. जेथे रबर धातूला भेटते तेवढी चिंचोळी पट्टी म्हणजे या घड्याळाचा प्राण होय.

हीच गोष्ट ग्वाल्हेरकरांना मोठ्या प्रमाणावर एकदा पाहावी लागली. पुण्याजवळच्या खडकवासल्याला १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले आणि पुढे तसेच दरवाजे ग्वाल्हेरजवळच्या सांक नदीवरील तिघरा धरणालाही लाभले. परंतु १९१७ मध्ये ते धरण फुटले. पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि बांधाचे मोठाले भाग जागचे सरकले. दगड भक्कम होता, दरवाजे उत्तम होते. पाण्याने सांधा शोधला. धरण नंतर पुन्हा उभे राहिले आणि आजही शहराला पाणी देते.

आपल्या देशात मनगटी घड्याळ घरोघर पोहोचले ते मुंबईच्या वाटेने. वेस्ट एंड वॉच कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बस्तान बसविले. फाव्र-ल्यूबा ही जुनी स्विस पेढीही त्याच शतकात भारतात आली आणि १९६८ मध्ये तिने पाण्याची खोली दाखविणारे 'बॅथी' हे पाणबुड्यांचे घड्याळ काढले. १९६१ मध्ये बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी. ची घड्याळे निघू लागली; नोकरी लागली की एच. एम. टी. घ्यावयाचे, हा कित्येक मराठी घरांचा रिवाजच होता. तो घड्याळ-कारखाना २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. लष्कर भागातील जुन्या मराठी वाड्यांत काय किंवा हरिशंकरपुरमसारख्या नंतरच्या वसाहतींत काय, वडिलांचे बंद पडलेले घड्याळ कपाटाच्या खणात ठेवलेले असतेच. जुन्या बाजारात अशा घड्याळांना नवी रंगविलेली तबकडी आणि चकचकीत घासलेली केस मिळू लागली, आणि जगभरच्या संग्राहकांनी त्यांना 'मुंबई स्पेशल' असे नाव दिले. त्या नावात थोडे कौतुक आणि पुष्कळ थट्टा आहे. बफच्या चाकावर धरलेली केस दोन मिनिटांत झळकते, पण तिच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होऊन जातात.

आता घरी, हाताने काम करणाऱ्याकडे वळू. यंत्राच्या चाकापेक्षा हाताची कानस सावकाश चालते, हाच तिचा मोठा गुण. कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम यंत्र, काच, चावी आणि सारी रबरी कडी काढून केस मोकळी करावी. घड्याळ १९७० च्या आधीचे असेल तर हे काम जाणत्या घड्याळजीकडूनच करवून घ्यावे. अंधारात चमकणाऱ्या त्या काळच्या काट्यांवर रेडियम असू शकते आणि त्याची भुकटी श्वासात जाणे घातक असते. नंतर केस पोलादाची आहे की पितळेवर क्रोमचा मुलामा आहे, ते पाहावे. मुलाम्यावर कानस चालविली तर खालचे पितळ उघडे पडते आणि तो उद्योग तेथेच संपतो.

पोलाद असेल तर जेवढे काढावयाचे तेवढ्यावर शाईने खूण करावी, उरलेला भाग चिकटपट्टीने झाकावा आणि व्हाइसच्या जबड्यांना लाकूड किंवा चामडे लावून केस हलकेच धरावी. साध्या लोखंडावर वापरलेली कानस येथे वापरू नये. हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये शेफील्डला ज्या न गंजणाऱ्या पोलादाचा पाया घातला, ते आपल्या पृष्ठभागावरील क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे टिकते. कानशीने खरवडलेला हा थर हवेत आपोआप पुन्हा धरतो. पण लोखंडाचे कण त्यात रुतले तर तेवढे ठिपके गंजतात. कानशीनंतर पॉलिशपेपर: २२०, ४००, ६००, १०००, असे चढत जावे. कागद बोटावर न धरता काचेच्या किंवा सपाट लाकडाच्या तुकड्यावर ताणावा, कारण बोट मऊ असते आणि कडा गोल करून टाकते. प्रत्येक नव्या कागदाची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवावी, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाही ते दिसते. शेवटी मंद झळाळी हवी असेल तर एकाच दिशेने सलग हात फिरवावा; आरशासारखी हवी असेल तर फेल्टवर पॉलिशची वडी लावून घासावे. या सपाटपणाला जपान्यांनी किती मान दिला आहे! सेइकोच्या कारागिरांनी १९६७ च्या सुमारास आरशासारख्या सपाट बाजू आणि धारदार कडा हेच आपल्या घड्याळाचे रूप ठरविले. त्या पॉलिशला ते 'झारात्सु' म्हणतात. सालाझ बंधूंच्या यंत्राच्या नावाचा तो जपानी उच्चार आहे.

हे सारे झाले डोळ्यांसाठी असलेल्या पृष्ठभागांविषयी. पाण्यासाठी असलेल्या पृष्ठभागांचा नियम अगदी निराळा आहे. मागच्या झाकणाची बैठक, रबरी कड्याची खाच, काचेचा काठ, चावीची नळी आणि तिच्याभोवतीची भिंत यांना कानस तर नाहीच, पॉलिशपेपरही लावू नये. लेथवर कातलेल्या बैठकीवर बारीक गोल रेषा असतात. त्यांतून पाणी जात नाही, कारण त्या कड्याला समांतर फिरतात. परंतु आतून बाहेर गेलेला एकच आडवा ओरखडा पाण्याचा पाट होतो. चावीच्या दोन्ही बाजूंचे खांदेही असेच. १९५९ मध्ये सबमरीनरला ते आले ते चावीला ठोकर लागू नये म्हणून. घड्याळ सुबक दिसावे म्हणून आज हौशी माणूस नेमके तेच खांदे आधी कापतो. कापण्यास हरकत नाही. पण आपण शोभेची रेघ पुसली नसून एक पहारेकरी हटविला आहे, हे त्याला ठाऊक हवे.

काढून टाकण्याच्या कलेत परतीची वाट नसते. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यात पंधराव्या शतकात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती पाहा. अखंड खडकातून नको तेवढा दगड काढून त्या प्रकट केल्या आहेत. बाबराने १५२८ च्या भेटीत त्या विद्रूप करण्याची आज्ञा दिली, ही ती मघाशी म्हटलेली खूण. नंतर भाविकांनी काही मूर्तींची मुखे चुन्याने पुन्हा घडविली. श्रद्धेच्या दृष्टीने ती पूर्ण झाली, पण दगड आणि चुना यांतील फरक आजही पाहणाऱ्याला जाणवतो. विध्वंस आणि हौस यांची तुलना मी करीत नाही. पोलादाचा गेलेला कण मात्र दगडाच्या कपचीइतकाच कायमचा गेलेला असतो. त्यावर नवा धातू वितळवून चढविता येतो, पण ते काम घरचे नव्हे.

म्हणून शेवटी भास्कराचार्यांची कसोटी लावावी: वस्तू कामाने तपासावी. पाणबुड्याच्या घड्याळासाठी आज आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार किमान १०० मीटरची क्षमता लागते आणि सांगितलेल्या दाबाच्या सव्वापट दाब देऊन प्रत्येक घड्याळ पारखले जाते. घरी घडविलेली केस नवी रबरी कडी घालून घड्याळजीच्या दाबयंत्रात तपासून घ्यावी. नंतर घड्याळ कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवावा. आतून धुके धरले तर ओल आत शिरली आहे, हे निश्चित समजावे.

आणखी एक गोष्ट सांगून मी हे भाषण संपवितो. घड्याळ एका हातात राहत नाही. ते मुलाकडे जाते, जावयाकडे जाते, कधी बाजारात जाते. ज्याने केस घासली त्याला तिची उणीव ठाऊक असते, पण पुढे ते मनगटावर बांधून मालवणला समुद्रात उतरणाऱ्या तरुणाला ती ठाऊक नसते. तबकडीवर मात्र अजूनही १५० मीटर असे ठळक छापलेले असते. म्हणून केसवरून काय काढले, कोणत्या साली काढले आणि नंतर दाबाची परीक्षा झाली की नाही, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती घड्याळाच्या डबीत ठेवावी. परीक्षा झाली नसेल तर 'हे घड्याळ पाण्यात नेऊ नये' असे स्पष्ट लिहावे. सुंदर केस पाहून कारागिराचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतील. चिठ्ठी वाचणारा एकच भेटेल, आणि तिची खरी गरज त्यालाच असेल.